आधी बसायचं, मग पाय आत

आठही जण वेळेच्या बरेच आधी आले आणि आठही जण आपापल्या कॉर्व्हेटने, म्हणजे शेव्हरोलेच्या बसक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारने आले. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकमध्ये आमचं छोटंसं ऑफिस आहे. एरवी त्याच्या पार्किंगमध्ये मरगळलेल्या करड्या गाड्या असतात. त्या संध्याकाळी शेजारच्या दातांच्या दवाखान्यातली माणसं कामं सोडून बाहेर येऊन उभी होती.

मी बाजार-संशोधन करते. शिकले मेकॅनिकल, चिंचवडला. इथे येऊन लोकांना प्रश्न विचारायच्या धंद्यात पडले. या कामाचं गिऱ्हाईक सीटचे भाग बनवणारी एक कंपनी होती, नाव सांगण्याची मुभा नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: कॉर्व्हेट घेणारा माणूस बहुतेक वेळा साठीचा असतो आणि गाडी जमिनीला टेकलेली, तर चढता-उतरताना त्याला काय हवं? त्यासाठीच या आठ मालकांना गटचर्चेला बोलावलं होतं.

वेळ मात्र मोठी नाजूक होती. एप्रिल २०१९ मध्ये जनरल मोटर्सने अंगभर नक्षीचं आवरण चढवलेली नवी कॉर्व्हेट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिरवली. अंगावर १८ जुलै २०१९ ही अनावरणाची तारीख आणि आत खुद्द कंपनीच्या प्रमुख मेरी बारा. आवरणाखालचा आकार पाहून कोणालाही कळत होतं की इंजिन सीटच्या मागे गेलंय. १९५३ पासून ते पुढे होतं. त्यामुळे माझ्यासमोर बसलेल्यांना सीटबद्दल बोलायची इच्छाच नव्हती.

मी त्यांना बोलू दिलं. आरशासारख्या काचेपलीकडे गिऱ्हाईक बसलं होतं. ते चुळबुळत असणार हे न बघताही कळत होतं.

सगळ्यात मोठा आवाज एका निवृत्त शिक्षकांचा. झोरा आर्कस-डंटोव्ह हे नाव त्यांनी आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांचं घेतात तसं घेतलं. ब्रसेल्समध्ये जन्मलेला हा रशियन वंशाचा इंजिनिअर १९५३ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट बघून भारावला आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये नोकरीला लागला. त्या पहिल्या गाडीला सहा सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक होता. दिसायला देखणी, पळायला यथातथाच. १९५५ मध्ये आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आलं आणि डंटोव्हने ती गाडी खरोखर पळती केली. पण इंजिन चालकाच्या मागे हवं हा त्याचा ध्यास. १९६० च्या सुमाराला त्याने तशी एक प्रायोगिक गाडी केली, १९७० मध्ये दुसरी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उभी राहिली. मासिकांनी दर काही वर्षांनी ‘आता येणारच’ म्हणून मुखपृष्ठं छापली. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला, १९९६ मध्ये गेला; त्याची रक्षा केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. ‘‘पुढच्या इंजिनाला अजून ताकद देऊन उपयोग नाही,’’ शिक्षक म्हणाले, ‘‘मागच्या चाकांवर वजन कमी पडतं, ती नुसती जागेवर फिरतात.’’ तांत्रिकदृष्ट्या बोलणं चोख होतं.

मग मी नेहमीचा कागद-पेन्सिलचा खेळ काढला. तुम्हाला हवी ती नवी कॉर्व्हेट काढा, बाजूने दिसते तशी, चित्रकला तपासणार नाही.

आठ कागद भिंतीवर लावले आणि माझ्याच्याने हसू आवरेना. आठांपैकी सहा गाड्यांना लांबलचक नाक होतं. शिक्षकांच्या गाडीला तर सगळ्यात लांब. इंजिन सीटमागे गेलं की चालक पुढे सरकतो, नाक आखूड होतं. हे त्यांनीच अर्धा तास सांगितलं होतं. मी विचारलं, ‘‘सर, एवढ्या मोठ्या बॉनेटखाली काय आहे?’’ ते आपल्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘बायकोच्या बॅगा.’’ खोली खदखदली, पण ते हसले नाहीत. स्टिअरिंगमागून दोन्ही बाजूंना मडगार्डचे उंचवटे दिसतात, त्यांच्यामधून रस्ता बघत आपण चाळीस वर्षं चालवतोय, असं ते हळू आवाजात म्हणाले. ही गोष्ट माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हती.

त्यानंतर गाडी क्लचवर आली. तीन पेडल नसतील तर ती कॉर्व्हेटच नव्हे, यावर एकमत होत होतं. गटात एकच बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, गाडी २०१७ ची. त्यांनी मला न विचारता सूत्रं हातात घेतली. ‘‘हात वर करा, आत्ता बाहेर उभ्या असलेल्या कोणाकोणाच्या गाडीत क्लच आहे?’’ तीन हात वर झाले, त्यातला एक त्यांचा स्वतःचा. बाकीच्यांनी ट्रॅफिकपासून गुडघ्यापर्यंत कारणं दिली. माझं सगळं मानधन त्या बाईंना द्यावंसं वाटलं.

या मंडळींना बदल सोसत नाही असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. १९६३ च्या स्टिंग रे या कॉर्व्हेटची मागची काच मधोमध दुभागलेली होती. खुद्द डंटोव्हला ती नको होती, मागचं दिसत नाही म्हणून. ती एकच वर्ष टिकली, काही मालकांनी तर ती काढून एकसंध काच बसवली. आज त्या दुभंगलेल्या काचेच्या गाडीसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. २०१४ च्या मॉडेलला मागचे दिवे गोल न देता कोनदार दिले तेव्हाही केवढा गहजब झाला. तेव्हा चिडलेल्यांपैकी दोघं त्या खोलीत होते, आणि दोघांच्याही गाडीला तेच कोनदार दिवे. रागावणं हा त्यांच्या प्रेमाचा हप्ता आहे, तो ते नियमित भरतात.

सीटचा विषय शेवटी एकदाचा निघाला तो एका अबोल गृहस्थांमुळे. व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेले, १९६९ ची गाडी, उजवा गुडघा बदललेला. वय पंचाहत्तरीकडे, मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणत होते. सीट थोडी वर घेतली तर चालेल का, असं मी विचारलं. ‘‘अजिबात नाही. बसता येईनासं झालं की विकेन. उंच करू नका.’’ बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. काचेपलीकडच्यांना ऐकायचं होतं नेमकं याच्या उलट.

चर्चा संपल्यावर काकांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. ‘‘बसून बघ.’’ मी नेहमीसारखा एक पाय आत टाकला आणि अडकले. डोकं छताला, गुडघा स्टिअरिंगला. त्यांनी मला बाहेर काढलं आणि करून दाखवलं: गाडीकडे पाठ करायची, एक हात दाराच्या कडेला, आधी बूड सीटवर टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवायचे. उतरताना उलटं. यात शरीराचा सगळा भार सीटच्या बाहेरच्या कडेवर येतो, तिथे जी उंच उशी असते तिच्यावर. त्यांच्या सीटची ती कड पार चपटी झाली होती. मी फिरून बाकीच्या गाड्या बघितल्या. सातपैकी पाच सीटची तीच कड दबलेली, बँकेतल्या बाईंच्या नव्या गाडीचीसुद्धा. दोन तासांत एकानेही याचा उच्चार केला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ती तक्रारच नव्हती.

गिऱ्हाईक तोवर कोट घालून निघालं होतं. मी त्यांच्या इंजिनिअरला हाताला धरून आणलं. पोरगा तिशीचा असेल. तो वाकून एकेका सीटची कड अंगठ्याने दाबत गेला, मग खिशातून मोजपट्टी काढून ओणवा झाला. काकांनी त्याच्यासाठी पुन्हा बसून दाखवलं, मग शिक्षकांनी, मग ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ म्हणत आणखी दोघांनी.

‘‘याचा व्हिडिओ मिळेल का?’’ त्याने विचारलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी कॅमेरा पार्किंगमध्ये लावला. शिक्षक येताना नवं चित्र घेऊन आले होते. नाक आखूड केलं होतं, मडगार्डचे उंचवटे तसेच ठेवले होते.