व्हीलचेअर दारातून जाते, पण रात्री दोन वाजता कोण येणार?

आमच्या सीनियर सिटिझन सोसायटीच्या कमिटीवर मला तीन वर्षं झाली. मी ७१ची, सगळी नोकरी बँकेत गेली म्हणून खजिनदार केलंय. मानधन कुणालाच नाही. सेक्रेटरी वीज मंडळातून रिटायर झालेले, मेस बघणाऱ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आम्ही सगळे मिळून ठरवतो की वर्षभरात पैसा कशावर जाणार.

यंदा एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या आधी खर्चाची यादी काढली. क्लबहाऊसच्या हॉलला एसी, बाहेरून रंग, सोलर, आणि रात्रपाळीला कायमची माणसं. पहिल्या दोन मीटिंगमध्ये एसी सरळ सरळ जिंकत होता आणि मीपण हात वर केला होता, कारण उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये खरंच बसवत नाही. मग एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बाथरूममध्ये पडलेल्या सापडल्या. पहाटे तीनपासून साडेसातपर्यंत तिथेच होत्या. पॅनिक बटण पलंगाशेजारी आणि त्या बाथरूममध्ये. दाराला आतून कडी, त्यामुळे वॉचमनला कळूनही तो काय करणार होता? सुदैवाने हाड मोडलं नाही.

त्यानंतर आम्ही तिघीजणी घरोघर फिरायला लागलो. फॉर्म वगैरे नाही, फक्त चहा प्यायचा आणि ऐकायचं. आणि मला जे दिसलं ते मीटिंगमध्ये तीन वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मीटिंगला येतात ते चालते-फिरते लोक, क्लबहाऊस वापरणारे. वॉकरवाले येत नाहीत, ऐकू कमी येतं ते येत नाहीत, नवऱ्याला एकटं सोडता येत नाही त्या येत नाहीत. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त त्यांचं मतच नाही, आणि कोरम मात्र पूर्ण!

दुसरी गोष्ट तर आणखी जिव्हारी लागली. पाच घरांत लोकांनी हळू आवाजात सांगितलं की आम्हीपण पडलोय, पण कुणाला बोललो नाही. का? एक काका म्हणाले, "ताई, मुलाला कळलं तर तो मला बंगळूरला घेऊन जाईल, मला इथंच राहायचंय." हे माणूस चारचौघांत हात वर करून कसं सांगेल?

नियमांचं म्हणाल तर इमारतीबद्दल आता बरंच लिहिलं गेलंय. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मे २०२४मध्ये महारेराने, म्हणजे राज्यात बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी वेगळे निकष काढले, दार ९०० मिलिमीटरचं हवं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हवी, रॅम्प हवा, बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत. फार चांगलं झालं. आमची बिल्डिंग त्याच्या बरीच आधीची, तरी दांडे आम्ही बसवून घेतले. पण ताबा मिळाल्यावर पुढची वीस वर्षं रात्री कोण उठणार, त्याचे पैसे कुठून येणार, हे शेवटी आमच्यासारख्या बिनपगारी कमिट्यांवरच येऊन पडतं. म्हणून मला वाटतं की बिल्डर आणि असे प्रकल्प चालवणारे ऑपरेटर यांच्या ज्या संघटना या क्षेत्राची दिशा ठरवतात, त्यांच्या कमिट्यांमध्ये प्रत्यक्ष राहणारी माणसं हवीत, आणि नुसती तब्येतीने ठणठणीत असलेली नकोत.

पैशाचं गणित अवघड आहे हे मला मान्य आहे, ते मीच मांडते. आमचा मेंटेनन्स बराचसा डिपॉझिटच्या व्याजावर चालतो. २०२०-२१मध्ये एफडीचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले तेव्हा आमची अक्षरशः झोप उडाली होती. रात्री एक बाई आणि एक पुरुष हवा म्हटलं की दोन पगारांत भागत नाही, आठवड्याची सुट्टी, सणवार, आजारपण धरून तिसरं माणूस लागतंच. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन वेगळं. पेन्शन नसलेल्या घरांना महिन्याला चारशे रुपये जास्त म्हणजेसुद्धा विचार करावा लागतो, आणि त्यांना "एवढं तर परवडतं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

काही गोष्टी मात्र स्वस्तात झाल्या. बाथरूमची दारं बाहेर उघडतील अशी फिरवून घेतली, कारण आत उघडणाऱ्या दाराला टेकूनच माणूस पडलं तर बाहेरून ढकलताही येत नाही. मेन डोअरच्या आतल्या कड्या काढून बाहेरून किल्लीने उघडेल असं लॉक लावलं, डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद पाकिटात ऑफिसात, पाकीट फोडलं की रजिस्टरमध्ये सही. यावर खूप वाद झाला, काहींना भीती वाटली आणि ती रास्तच होती, म्हणून ज्यांना नको त्यांना सक्ती केली नाही. बटणाची दोरी आता बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत येते, पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी.

एजीएमला एसी एक वर्ष पुढे ढकलला. ठराव मांडला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर पहिल्यांदाच मीटिंगला आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, फक्त हात वर केला. रात्रपाळीची माणसं १ तारखेपासून सुरू झालीत. अजून अकरा घरं फिरायची राहिलीत, त्यातल्या दोन घरांत दुपारीच जावं लागेल कारण सकाळी ब्युरोची बाई अंघोळ घालत असते.