बदामाचं बटण अखेर वठणीवर

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गडांच्या यादीच्या वेबपानाला ‘आणखी दाखवा’ हे बटण जोडलं की हे पान झालंच. प्रत्येक गडाच्या कार्डावर बदामाचं बटण आहे; ते दाबलं की बदाम भरतो आणि गड आवडीत जातो. त्यात ३ संध्याकाळी गेल्या, पण आज जमलं!

पहिले २० गड पानाबरोबरच येतात, पुढचे २०-२० ‘आणखी’ दाबल्यावर फेचने (सर्व्हरवरून माहिती मागवणारी जावास्क्रिप्टची सोय). राजगड पहिल्या विसांत, तो आवडीत जायचा. नंतर आलेल्या हरिश्चंद्रगडाचा बदाम मात्र कितीही दाबला तरी ढिम्म. कारण कळत होतं: बटणं शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरऑलला त्या क्षणी पानावर असतील तेवढीच बटणं सापडतात. म्हणून दर लोडनंतर सगळ्या बटणांना लिसनर (क्लिक झालं की चालणारं फंक्शन) पुन्हा लावले, आणि खरा घोळ तिथेच झाला. हरिश्चंद्रगड चालू, राजगड बंद. पुन्हा ‘आणखी’ दाबलं तर राजगड चालू, हरिश्चंद्रगड बंद!

नेटवर्क, कॅश, सीएसएस, सगळं चाळून झालं. शेवटी क्रोमच्या कन्सोलमध्ये घटकावरचे लिसनर दाखवणारं गेटइव्हेंटलिसनर्स चालवलं. राजगडाच्या एका बटणावर ३ क्लिक लिसनर, हरिश्चंद्रगडाच्या बटणावर २. एकदा दाबलं की टॉगल (रिकामा बदाम भरणं, भरलेला रिकामा करणं) तितक्या वेळा. विषम असेल तर बदाम भरतो, सम असेल तर भरून लगेच रिकामा होतो. तेच फंक्शन परत लावलं असतं तर ब्राउझरने दुसऱ्यांदा घेतलंच नसतं, पण मी दर वेळी नवं ॲरो फंक्शन, म्हणजे जागीच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, देत होतो.

आता लिसनर एकच, तोही यादीच्या यूएलवर, म्हणजे सगळी कार्डं ज्यात आहेत त्या बाहेरच्या घटकावर. क्लिक बबल होत, म्हणजे आतल्या घटकाकडून बाहेरच्यांकडे, वर येतं, मग कार्ड कधी का येईना. तरी बदामाच्या मधोमध दाबलं की काहीच नाही, कडेला दाबलं की चाले. टार्गेट (नेमका दाबला गेलेला घटक) म्हणून बटणाऐवजी आतल्या एसव्हीजी चित्राचा पाथ, म्हणजे बदामाची आकृती, हाती येत होता. फक्त तोच घटक तपासणाऱ्या मॅचेसच्या जागी, बाहेरचे घटकही तपासत जाणारं क्लोजेस्ट टाकलं आणि मिटलं. ६० कार्डं भरभर दाबत गेलो, एकही चुकलं नाही. फार बरं वाटलं.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणाऱ्यांनो, नेटवरच्या जुन्या उत्तरांतलं लाइव्ह हे फंक्शन घेऊ नका. ते १.७ आवृत्तीतच मागे पडलं आणि १.९ मध्ये काढून टाकलं. ऑन या फंक्शनला सिलेक्टर (कोणते घटक हवेत ते सांगणारा मजकूर) देऊन हेच काम होतं. मी तर या पानावरून जेक्वेरीच काढली.

फोटो मोठा करायच्या बटणाला वेगळा लिसनर लिहिणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं: प्रत्येक बटणाला डेटा-कृती (काय करायचं ते सांगणारं ॲट्रिब्यूट) द्यायची आणि याच लिसनरने ती वाचायची. कार्डावर माउस नेल्यावर उंची दाखवायची आहे, तिथे माउसएंटर बबल होत नाही, म्हणून माउसओव्हर घ्यावं लागेल. आधी फोटोचं, आज रात्रीच.