आमची वाटचाल : फळी नंतर, आधी भिंत

आमचं फर्निचरचं वर्कशॉप आता सांगलीत माधवनगर रोडला आहे, पण सुरुवात गावभागातली. वडील सुतार. एक पत्र्याचं शेड, एक रंधा, दोन पटाश्या आणि दारात पडलेले सागाचे तुकडे, बस्स. त्या काळी घरात फळ्या म्हणजे भिंतीतलं फडताळ, त्याला सागाची झडप, स्वयंपाकघरात कडाप्पा आणि वर टांगलेली स्टीलची मांडणी. ओल तेव्हाही होतीच की, भिंतीला लोणा यायचा, पोपडे पडायचे, पण कडाप्पा काय फुगत नाही आणि साग जरा वाकला तर वडील जाऊन रंधा मारून यायचे. चहा पिऊन परत. त्याचे पैसे पण घेत नव्हते बऱ्याचदा, म्हणून तर शेड पत्र्याचंच राहिलं.

मी धंद्यात आलो तेव्हा सगळ्यांना ट्रॉल्या पाहिजे होत्या. मॉड्युलर. माझं पहिलं स्वतंत्र काम विश्रामबागला एका फ्लॅटमध्ये, प्री-लॅम पार्टिकल बोर्डमध्ये केलं, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, वर आधीच चिकटवलेला गुळगुळीत थर, चकाचक, मी फोटो काढून सगळ्यांना दाखवत फिरलो. दुसऱ्या पावसाळ्यात त्या मावशींचा फोन, "अहो मिस्त्री, सिंकखालची फळी पोटुशी झालीय, येऊन बघा की." गेलो तर खरंच. १८ एमएमची फळी पट्टी लावून मोजली तर २३ भरली, दार लागेना, बिजागरीचे स्क्रू हाताने बाहेर येतायत.

वडिलांना घेऊन गेलो होतो सोबत. त्यांनी नखाने कड खरवडली, भुसा खाली पडला, म्हणाले "हे लाकूड न्हाई बाबा, हे उप्पीट हाय." मावशींसमोर. ते काम मी फुकट परत करून दिलं, वर्षभराची कमाई गेली त्यात.

पण त्या फळीनेच मला धंदा शिकवला असं म्हणायला हरकत नाही, कारण मी ती घरी आणून नीट बघितली. वरचा थर जसाच्या तसा होता, थेंब आत गेला नव्हता. पाणी शिरलं होतं प्लंबरने ड्रेन पाइपसाठी जिगसॉने भोक पाडलेलं तिथून, आणि खालच्या कडेकडून जिथे मी एज बँड, म्हणजे कड झाकायची पट्टी, लावलाच नव्हता, कारण तिथे कोण बघतंय. आपल्याकडे सणाच्या आधी फरशी बादलीने पाणी ओतून धुतात हे मला काय माहीत नव्हतं का, आमच्याच घरी धुतात. म्हणजे ग्राहकाला दिसतं तिथे मी पट्टी लावली आणि पाण्याला दिसतं तिथे उघडं सोडलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की न दिसणारी कड आधी. सिंकच्या कपाटाची मागची, खालची, पाइपच्या भोकाची आतली गोल कड, बिजागरीसाठी ३५ एमएमचा खड्डा पाडतो त्याच्या आतसुद्धा प्रायमर नाहीतर सिलिकॉन. पोरं कंटाळतात. नवीन पोरगा आला की पहिला महिना हेच काम, ब्रश आणि डबा. कपाट जमिनीवर टेकवायचं नाही, चार इंची पीव्हीसीचे पाय, पुढे क्लिपची पट्टी म्हणजे काढून पुसता येते. सिंकखाली तर आम्ही आता प्लायच वापरत नाही, पीव्हीसी फोम बोर्ड लावतो. बाकी स्वयंपाकघरात तो आवडत नाही मला, जड डबे ठेवले की लांब फळी मध्ये लवते आणि स्क्रूची पकड पण प्लायसारखी नाही, पण सिंकखाली ठेवायचं काय, फिनेल आणि फडकी.

प्लायचं वेगळंच. शिक्का मरीनचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, आणि आत भलतंच, असा माल एकदा आमच्या गळ्यात पडला (कुणी दिला ते सोडा). साधं कमर्शियल म्हणजे एमआर ग्रेडचं प्लाय युरियाच्या डिंकाने चिकटवलेलं असतं, दमट हवा सोसतं पण उकळत्या पाण्यात सुटतं. मरीन म्हणजे आयएस ७१०, त्याचा डिंक फिनॉलचा, त्याला ७२ तास उकळून तपासायचं असा नियम आहे. ७२ तास गॅस कोण जाळणार. मी एका खऱ्या मरीनचा आणि एक त्या शिक्केवाल्या मालाचा असे तळहाताएवढे तुकडे आईच्या डाळीच्या कुकरात टाकले आणि तीन-चार तास उकळले, खराखुरा मरीनचा तुकडा तसाच निघाला, नुसता काळपट, आणि तो शिक्केवाला मरीन पानं उघडलेल्या वहीसारखा. पुरी गाडी परत पाठवली. कुकरला जो वास लागला तो गेलाच नाही, आईने महिनाभर अबोला धरला होता, शेवटी नवीन कुकर आणला. जुना अजून वर्कशॉपमध्ये आहे, नवीन लॉट आला की चढतो गॅसवर.

आणि मग २०१९ चा पूर.

सांगलीकरांना काही सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट धोक्याची पातळी, पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ ला बघितलं होतं म्हणून आम्ही त्या मापाने माल वर चढवला होता, त्याच्या पण वर आलं. तेव्हा वर्कशॉप गावभागातच होतं. पाणी उतरल्यावर शेड उघडलं तर पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफची अक्षरशः लापशी झालेली, फावड्याने ओढून काढली. वडिलांच्या वेळचं सागाचं एक कपाट चिखलात आडवं पडलेलं, ते धुतलं, सावलीत वाळवलं, आज त्यात ड्रिल मशीन ठेवतो.

पण खरी चूक त्यानंतर झाली. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणजे पाणी ओसरून जेमतेम पंधरा-वीस दिवस, आणि प्रत्येक घरात एकच, दादा गणपतीच्या आत फळ्या लावून द्या. आम्हालाही पैशाची नड होती. चार घरं केली, माल एक नंबर, कुकरमधून पास झालेला. दिवाळीला फोन सुरू. कपाटं मागून पांढरी, कपड्यांना कुबट वास, एका घरात तर लग्नातल्या शालूवर डाग. प्लाय सुटलं नव्हतं, डिंक मजबूत होता, पण बुरशीला डिंकाशी काय देणंघेणं, तिला ओली हवा आणि लाकूड मिळालं की झालं. भिंतीने आठवडाभर पाणी प्यायलेलं, ते बाहेर पडायला जागा म्हणून आमच्या कपाटाची पाठ. त्यात कुणीकुणी घाईने ऑइल पेंट मारून घेतला होता, मग तर ओल आतच कोंडली.

तिथून पुढे आम्ही माप घ्यायच्या आधी भिंतीला प्लास्टिक लावतो. साधं आहे, जाड पॉलिथिनचा फूटभर तुकडा, चारी बाजूंनी टेप दाबून बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचं. थेंब भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ आहे, खिडकी उघडा, एक्झॉस्ट बसवा. खणभागातल्या एका काकांकडे दोन फुटी जुनी भिंत, पांढऱ्या मातीतली, टेप काढली तर आत दव पडल्यासारखं. मी म्हटलं काका, उन्हाळ्यापर्यंत थांबा. ते म्हणाले, "तुला काम नको असेल तर तसं सांग." दुसऱ्याकडून करून घेतलं त्यांनी. अशी बरीच कामं गेली, खोटं कशाला बोलू. काका मे महिन्यात परत आले, काही न बोलता नुसता फोटो दाखवला.

पुराच्या पट्ट्यातल्या तळमजल्यांना आता आम्ही ठोकलेलं कपाटच देत नाही. खाली कडाप्पा, वर भिंतीला उभ्या खाचांच्या पट्ट्या आणि त्यात अडकवायचे ब्रॅकेट, फळ्या नुसत्या वर ठेवलेल्या. भिंतीपासून बोटभर लांब, म्हणजे हवा खेळते. वडिलांनी बघितलं आणि हसले, म्हणाले, "आलास का फिरून कडाप्प्यावर." २०२१ च्या जुलैत नदी परत चढली तेव्हा गावभागातल्या एका वहिनींनी आणि त्यांच्या दोन पोरांनी अकरा फळ्या अर्ध्या तासात माडीवर नेल्या. खाली पाण्यात राहिल्या फक्त पट्ट्या, त्या धुऊन पुसून त्याच वापरात आहेत.

रोजचं नुकसान मात्र पुराने कमी, ओल्या भांड्यांनीच जास्त होतं. फळीवर प्लास्टिकची मॅट, त्यावर घासलेली भांडी उपडी, खाली पाणी आठ-आठ दिवस तसंच. मॅट काढा हो, सांगून सांगून दमलो.

आता आम्ही सहाजण आहोत, वडील दुपारी येऊन बसतात. परवा हरिपूरला एक काम बघायला गेलो होतो, पूर्वी जिथे हळदीची पेवं होती त्या बाजूला, नवीन बांधकाम, मालक म्हणाले भिंती खडखडीत कोरड्या आहेत, तुम्ही डायरेक्ट माप घ्या. तरी बाथरूमच्या भिंतीला एक प्लास्टिक चिकटवून आलोय. उद्या सकाळी जाऊन बघायचं.