मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोरलची टाकी
बोअरचं जड पाणी कोरलच्या, म्हणजे जिवंत प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत थेट घालूच नका. आरओनंतर डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे, हवंच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शून्य दिसला पाहिजे.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, त्यात टाकीवर पंखा लावला की, पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याचीच. खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग) ठेवा.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) 8 ते 9 डीकेएच (तिचं मोजमाप), कॅल्शियम 420 पीपीएम (दहा लाखात 420 भाग), मॅग्नेशियम 1300 पीपीएम ठेवा. अल्कलिनिटी 1 डीकेएचने वाढवायला 100 लिटरला साधारण 3 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. शुद्ध पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा. दिवसात 1 डीकेएचहून जास्त वाढ नको, कोरलची टोकं जळतात. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी ओतलं तर पांढरा साका बसतो. मॅग्नेशियम कमी असेल तर आधी तेच भरा, नाहीतर बाकीची दोन्ही टिकत नाहीत.