अंधारी की भोवळ? माझ्या ओव्हरहेड प्रेसची तीन महिन्यांची वही

ओव्हरहेड प्रेस म्हणजे उभं राहून बार खांद्यावरून डोक्यावर ढकलायचा; असं एकदा केलं की एक रेप, सलग काही रेप्सचा एक सेट. १६ जानेवारीच्या पानावर एकच ओळ आहे: २७.५ किलो, तिसरा सेट, चौथी रेप, अंधारी.

चौथ्यांदा बार वर गेला, कोपरं सरळ झाली आणि डोळ्यांच्या कडांनी काळं आत सरकायला लागलं. जिममधलं गाणं एकदम लांबून ऐकू यायला लागलं. शेजारी प्लेटा लावणारे आमचे दादा ओरडले, "वैनी, बार पुढं सोडा! रॅककडं जाऊ नका!" बार कसाबसा छातीपर्यंत आणला आणि पुढे मॅटवर सोडून दिला. खाली बसून डोकं गुडघ्यांत घातलं. अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर आलं, हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

दादांनी अगदी योग्य तेच सांगितलं. डोळ्यांपुढे काळं येत असताना बार नीट रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडच्या, हुकवर ठेवायला जाणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट. बार पडला तर मॅट आहे. माणूस बारसकट मागे गेला तर आधाराला काही नाही. प्रेसच्या आधी आपल्या पुढची जागा रिकामी आहे ना, हे मी आता दर सेटला बघते.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. "चक्कर आली" म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते?" मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो, पण आपल्याच भाषेत दोन्हीला वेगळे शब्द आहेत. भोवळ, गरगरणं म्हणजे जग फिरतंय. अंधारी म्हणजे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलंय. दोन्हीची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

आमच्याच बॅचमधल्या एका काकांना वर बारकडे बघितलं की सगळी जिम फिरायची. त्यांचा दोष कानात निघाला. आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळ्यांत गेले की मान मागे टाकताच गरगरतं. रात्री कुशीवर वळतानाही त्यांना तेच व्हायचं. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना आडवं करून डोकं ठरावीक क्रमानं वळवलं आणि दोन भेटींत त्यांचा त्रास गेला. त्यांनी श्वासाचे कितीही प्रयोग केले असते तरी काही झालं नसतं.

माझी मात्र अंधारीच होती. ईसीजी ठीक, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन १०.६. बाईसाठी १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. म्हणजे मुळातच टाकी अर्धी होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दोन तास लांब ठेवायचा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. सकाळी सव्वापाचला नुसता चहा ढोसून जिम गाठायची माझी सवयही तिथेच सुटली. आता निघायच्या आधी एक केळं, मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा.

पण रक्त कमी असूनही स्क्वॉटला किंवा डेडलिफ्टला मला कधी काही झालं नव्हतं. प्रेसलाच का? दादांनी माझा व्हिडिओ काढला. तीनदा बघितल्यावर दिसलं: पहिल्या रेपला छाती भरून श्वास घेते आणि पाचव्या रेपपर्यंत सोडतच नाही.

श्वास कोंडून जोर लावणं म्हणजे वाल्साल्वा. हे नाव अठराव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं, आणि त्याचा मूळ विषय कान होता. वजन उचलताना त्याचा उपयोग खरा आहे, पोट-पाठ खांबासारखी घट्ट राहते. पण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परत येणाऱ्या मोठ्या शिरा दाबल्या जातात, हृदयाला कमी रक्त मिळतं, ते पुढेही कमी ढकलतं. आणि श्वास सोडला की क्षणभर रक्तदाब आणखी घसरतो. १९८५ साली कॅनडात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या रोहिणीत नळी घालून वजन उचलताना रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० आली आणि एकाचा तर ४८०/३५० च्या पुढे गेला. एवढी चढ-उतार शरीर काही सेकंदांत सोसतं. माझं शरीर अर्ध्या टाकीवर, वरून २५ सेकंद श्वास बंद.

"एका रेपला एक श्वास" हे ऐकायला सोपं वाटतं. मला दोन आठवडे जमलं नाही. वजन जड झालं की विसरायचेच.

उपाय घरातच मिळाला. माझे सासरे, आबा, तरुणपणी कोल्हापुरातल्या गंगावेशीकडच्या एका तालमीत जायचे. अजूनही कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला निघाले की वाटेत तिथे डोकावून येतात. मी अंगणात रिकाम्या दांड्यावर सराव करत होते. ते म्हणाले, "मनात का मोजतीस? तोंडानं मोज की. आमच्यात बैठकांचा आकडा मोठ्यांदा म्हणायला लागायचा. आकडा म्हटला की दम आपोआप सुटतोय."

दुसऱ्या दिवसापासून बार वर पोचला की मोठ्यानं "एक". खाली खांद्यावर आणून नवा श्वास. वर "दोन". आकडा उच्चारायचा तर हवा बाहेर सोडावीच लागते, विसरायची सोयच नाही. पहिले दोन दिवस सगळे वळून बघत होते, आता आमच्या बॅचमधल्या तिघीजणी तशाच मोजतात.

बाकीच्या दुरुस्त्या लहान, पण लिहून ठेवते. बार खांद्यावर असताना गळ्याला चिकटत होता. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रोहिण्यांपाशी रक्तदाबाची चाहूल घेणारी जागा असते. तिच्यावर दाब आला की दाब वाढल्याचा गैरसमज होऊन हृदय ठोके मंद करतं. क्लीन, म्हणजे बार जमिनीवरून थेट खांद्यावर घेणाऱ्यांनी, हे खास लक्षात ठेवावं. मी कोपरं जरा पुढे घेतली, बार छातीच्या वरच्या भागावर ठेवला आणि बेल्ट एक भोक सैल केला. नजर छताकडे नाही, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. सेट संपल्यावर गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही, कारण रक्त पायांत साचतं. मी रॅकभोवती दोन फेऱ्या मारते, पोटऱ्या रक्त वर ढकलत राहतात.

फेब्रुवारीत मुद्दाम २२.५ वर उतरले. मनाला लागलं, खोटं का बोलू. १९७२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये प्रेस हा वेटलिफ्टिंगचा स्वतंत्र प्रकार होता. उभं राहून वजन डोक्यावर न्यायचं हे मला सगळ्या व्यायामांत मोठं वाटतं, आणि त्यातच मागे जायचं म्हणजे जड जातं.

९ मार्च: २५ किलो, ५ रेप्सचे तीन सेट. एकदाही काही नाही.

२१ मार्च: २७.५, तिसऱ्या सेटच्या चौथ्या रेपला कडा किंचित काळ्या झाल्या. आदल्या रात्री झोप चार तास आणि पाळीचा दुसरा दिवस. बार तिथेच पुढे सोडला, सेट पुरा केला नाही.

४ एप्रिल: हिमोग्लोबिन १२.१. डॉक्टर गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवा म्हणाले.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधड थांबेना, बोलताना जीभ अडखळली किंवा एक हात-पाय लुळा वाटला तर माझी वही वाचत बसू नका, बारला परत हात लावू नका, थेट दवाखाना गाठा.

१६ एप्रिल: ३० किलो, तीन रेप्स. आबा पहिल्यांदाच जिमच्या जिन्यापर्यंत आले होते. वर "तीन" म्हटलं तेव्हा खालून त्यांचाही "तीन" ऐकू आला. पुढच्या गुरुवारी ३० च्या चार.