हॉर्नचा रिले लावून बघितला, तिथंच चुकलं

साताऱ्यात मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली. मे महिन्यात एका निवृत्त गुरुजींची पेट्रोल गाडी आली. खंबाटकी घाट चढताना बंद पडायची, अर्धा तास थांबलं की आपली आपण सुरू व्हायची. आधीच्या गॅरेजनं टाकीतला पेट्रोलचा पंप, प्लग, वर बॅटरीही बदलून दिलेली. 'हे बदलून बघू, ते बदलून बघू' म्हणत गिऱ्हाइकाच्या पैशावर शिकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गाडी उन्हात तासभर फिरवून तापवली. चावी ऑन केली की मागच्या सीटखाली पंप दोन-तीन सेकंद घुमतो, तो घुमेना. पंपाला वीज रिलेतून जाते; रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले पंपाच्या रिलेच्याच जातीचा होता. तो उपटून पंपाच्या जागी लावला. पंप घुमला! जुन्या रिलेचं झाकण काढलं. ८५-८६ या पिनांमध्ये ८० ओहम, म्हणजे पॉइंट ओढणारी कॉइल ठीक. टिक आवाजही येत होता. पण ३० (सप्लाय आणणारी पिन) आणि ८७ (पंपाकडं नेणारी) जोडणारे पॉइंट काळे पडलेले, मधे खड्डा. टिक वाजतंय म्हणजे रिले चांगला, असं समजणाऱ्या पोरांना बोलावून दाखवलं. नवा रिले टाकला, गाडी दिली.

बाराव्या दिवशी रात्री नऊला गुरुजींचा फोन. तोच घाट. सोबत बाई, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, बाजूनं ट्रक चाललेले. म्हटलं, "गुरुजी, तो रिले अंगठ्यानं खाली दाबून धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा." गाडी सुरू झाली. ते घरी पोचले, मला मात्र झोप नाही. दाबल्यावर चालते म्हणजे दोष रिलेत नव्हता, तो बसतो त्या सॉकेटमध्ये होता.

सकाळी रिले काढून ३० च्या घरात ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला अर्थ केलं. बल्बाशिवाय मीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता, बल्ब लागताच ९. सॉकेट खालून उघडलं. ३० नंबरच्या लगचे, म्हणजे पिन पकडणाऱ्या पितळी पट्टीचे, दोन्ही कान फाकलेले, पितळ जांभळट झालेलं, भोवतीचं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी. लग तापायचा, ती आच पिनेतून वर चढायची आणि पॉइंट जळायचे. मी बदलला तो रिले या दोषाचा बळी होता. आणि हॉर्नचा रिले दाबून बसवताना मीच त्या ढिल्या लगला तात्पुरती पकड दिली होती. ज्या तपासणीवर मी भरवसा ठेवला, तिनंच दोष झाकला.

सुटा लग मिळेना. डीलर म्हणे, अख्खा फ्यूज बॉक्स घ्या. दहा पैशांच्या पितळेसाठी हजारोंचा माल गळ्यात मारायची ही पद्धत मला पटत नाही. भंगारातल्या गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यातून वायरीसकट लग कापून आणला, कान आवळले, जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली. बल्ब लावल्यावर आता १२.२.

गुरुजींकडून पैसे घेतले नाहीत. ते देत होते.

संध्याकाळी वही काढली. या वर्षी सॉकेट न तपासता पंपाचे रिले बदललेल्या आणखी तीन गाड्या निघाल्या. दोघांना फोन करून बोलावलंय. तिसऱ्याचा नंबर लागत नाही. नोंदीत बाकी फक्त 'कराड, पांढरी गाडी' एवढंच लिहिलंय.