आजोबांच्या नावाखाली तीनच रेघा

गेल्या महिन्यात माझ्या चुलत भावाने आमच्या घराण्याची वंशावळ काढली आणि पीडीएफ करून ग्रुपवर टाकली. खूप मेहनत घेतलीय त्याने, तालुक्याला चार खेपा मारून जुने फेरफार काढले, सात पिढ्या मागे गेला. पण आजोबांच्या नावाखाली तीनच रेघा आहेत, माझे वडील आणि दोन चुलते. त्याखाली एका नातेवाइकांनी लिहिलं की बघा पूर्वी कुटुंबं कशी आटोपशीर होती, आता लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. ते वाचून मला राहवेना, मी आत्याला फोन लावला आणि विचारलं की आजीची बाळंतपणं किती झाली गं. ती म्हणाली, नऊ.

मग मी गावी जाऊन तिच्यापाशीच बसले. आत्या आता ८१ वर्षांची आहे, आमचं गाव माण तालुक्यातलं. ओसरीवर बसून तिने बोटं मोडत एकेक सांगितलं. पाच जगली, तीन मुलगे आणि दोन मुली. मुलींची नावं वंशावळीत नाहीतच, म्हणजे जी आत्या मला हे सांगत होती ती स्वतःच त्या कागदावर नाही. बाकीच्या चौघांपैकी एक मुलगी देवीने गेली, चार वर्षांची होती. एक मुलगा पावसाळ्यात हगवणीने. आणि दोघं तान्ही असतानाच, आठवडाभरात, अंगाला आकडी येऊन ताठ झाली आणि गेली. तो धनुर्वात असणार, कारण नाळ तेव्हा घरातल्याच विळ्याने कापायचे. आत्या म्हणाली, "आई रडायची नाही गं, लगेच उठून भाकरी करायला बसायची."

लोकसंख्या का वाढली याचं उत्तर शाळेत आपण पाठ केलंय, अज्ञान, गरिबी, लवकर लग्नं, मुलाचा हट्ट. यातलं खोटं काही नाही. पण आजीच्या आईलाही आठ-नऊ मुलं झाली असणार आणि तिच्या आईलाही, तरी हजारो वर्षं माणसं फारशी वाढली नाहीत. जगात १०० कोटी माणसं व्हायला १८०० साल उजाडून गेलं, आणि १९२७ च्या सुमारास २०० कोटी झाल्यावर पुढच्या ९५ वर्षांत आपण ८०० कोटींवर पोचलो, १५ नोव्हेंबर २०२२ ला. बायका अचानक जास्त मुलं जन्माला घालू लागल्या असं काही झालेलं नाही. झालं इतकंच की झालेली मुलं जगायला लागली. देवीची लस आली, धनुर्वाताचं इंजेक्शन आलं, प्यायचं पाणी जरा बरं झालं, दुष्काळात धान्य पोचू लागलं. आपल्या देशात १९११ ते १९२१ या दहा वर्षांत लोकसंख्या चक्क घटली होती, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने इतकी माणसं नेली. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत ती वाढलीच. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ७० आहे. म्हणून लोकसंख्येचा "स्फोट" हा शब्द मला फार टोचतो, कारण त्या आकड्यात माझे वडील आहेत, आत्या आहे, लस टोचलेली सगळी पोरं आहेत.

आणि पोरं जगायला लागली की आईबाप आपणहून थांबतात, फक्त त्याला एक पिढी जावी लागते. आजीची नऊ बाळंतपणं, आईची तीन, माझी दोन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईमागे सरासरी मुलं २ आणि आपल्या महाराष्ट्रात १.७ आहेत, बिहारमध्ये ३. लोक म्हणतात मग लोकसंख्या वाढतेच कशी अजून? आमच्याच घरात बघा. आजीची पाच जगली, त्या पाचांची मिळून आम्ही १९ चुलत-आते भावंडं, आणि आम्ही प्रत्येकाने दोनच्या वर मुलं होऊ दिली नाहीत तरी पुढची पिढी ३५ ची झाली. त्यात आत्यासारखी जुनी माणसं अजून आहेत, देव करो आणि शंभरी गाठो. म्हणजे प्रत्येक घर लहान झालं तरी घरंच इतकी झालीत की एकूण आकडा अजून काही वर्षं चढणारच.

त्रास होतोय हे मी नाकारत नाही. आजोबांची १८ एकर जमीन होती, कोरडवाहू, पण होती. तीन मुलांत सहा-सहा झाली, थोरल्या चुलत्यांच्या तीन मुलांत दोन-दोन. आता त्या दोन एकरात बांधच किती, आणि बोअर प्रत्येकाचं वेगळं, एकाने खोल मारलं की शेजारच्या भावाचं आटतं, मग बोलणं बंद. राज्यातही १९७०-७१ ला सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती ती २०१५-१६ ला १.३४ वर आलीय. म्हणून १९ मधले आम्ही ११ जण पुण्या-मुंबईला आलो आणि इथे उन्हाळा लागला की सोसायटीच्या गेटवर टँकरची वाट बघतो. पण सगळं खापर माणसांच्या संख्येवर फोडणं मला पटत नाही, कारण एक माणूस वापरतो किती हेही बघायला हवं ना. एक अमेरिकन माणूस वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतो तेवढ्यात आपल्याकडची सहा-सात माणसं बसतात.

आता जे मला खरं बोलायचंय ते. हा पाळणा थांबवला कुणी? आईचं ऑपरेशन १९८४ साली झालं, कॅम्पमध्ये. धाकटा भाऊ तीन महिन्यांचा होता. ती सांगते की सतरंजीवर ओळीने बायका झोपवल्या होत्या, शेजारची ओकत होती, संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून घरी सोडलं, आणि पंधरा दिवसांत ती परत डोक्यावर पाणी आणायला लागली. बाबांना कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या वेळीही दवाखान्यात मलाच विचारलं गेलं, "ऑपरेशन करून टाकायचं ना?" नवरा शेजारी उभा होता, त्याचं बिनटाक्याचं ऑपरेशन किती सोपं असतं हे कुणी सांगितलं नाही, ते मला नंतर वाचून कळलं. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालीय आणि पुरुषांची ०.३ टक्के. आणीबाणीत १९७६ साली जबरदस्ती करून ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या नसबंद्या केल्या, त्याची भीती अशी बसली की नंतर सगळी योजनाच बायकांच्या अंगावर आली. शिवाय कुटुंब लहान हवं पण त्यात मुलगा हवाच, यापायी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या, बीड जिल्ह्यात ८०७.

आणि हे सगळं बाईच्या बाजूने बोलणारा माणूस आपल्याकडेच होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, म्हणजे देशाची लोकसंख्या घटल्याचं ज्या जनगणनेत दिसलं त्याच वर्षी. नुसती माणसांची गर्दी कमी करणं एवढाच त्यांचा हेतू नव्हता, किती मुलं हवीत आणि कधी हवीत हे बाईला ठरवता यावं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, तरी समाजस्वास्थ्य हे मासिक १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, चालवलं.

आज नायजर देशात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होतात, काँगो, नायजेरिया, इथिओपियातही घरं मोठी आहेत. त्या बायकांबद्दल बातम्यांमध्ये "बोजा" म्हणून बोललं जातं तेव्हा मला आजी दिसते, लगेच उठून भाकरी करणारी. तिकडेही लस पोचली, पोरी दहावीपर्यंत शिकल्या, की तेच होणार आहे जे आमच्या घरात तीन पिढ्यांत झालं. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाजसुद्धा हाच आहे की या शतकात २०८० नंतर कधीतरी जगाची लोकसंख्या साधारण १०३० कोटींवर जाऊन मग उतरायला लागेल.

वंशावळीचं भावाला सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, म्हणाला ताई नावं पाठव, मी टाकतो. दोन्ही आत्यांची पाठवली, आजीचंही. देवीने गेलेली ती सोना, हगवणीने गेलेला तो पांडुरंग. त्या दोन तान्ह्यांचं मात्र बारसंच झालं नव्हतं. आत्याला विचारलं तर म्हणाली, एक दिवाळीतला होता आणि एक बाजरी पेरताना झालेला, आई असंच म्हणायची. भावाने तसंच लिहिलंय.